डायलॉग ऐकू आला का, बॉस?

मोठ्ठा टीव्ही घेतला, दोन उंच स्पीकर आणले, सबवूफरने खिडक्या हलवल्या... आणि हिरो काय बोलला ते कुणालाच कळलं नाही! होम थिएटरमधल्या सगळ्यात दुर्लक्षित मेंबरची, म्हणजे सेंटर स्पीकरची ही गोष्ट.

शनिवारची रात्र. पिझ्झा आलेला, दिवे मंद, मोबाइल सायलेंटवर. पडद्यावर दोघंजण कुजबुजतायत. काहीतरी महत्त्वाचं चाललंय एवढं कळतं, पण नेमकं काय ते कळत नाही. तुम्ही रिमोट उचलता. वीस, पंचवीस, तीस... आणि तेवढ्यात धडाम! गाडी उडते, तावदानं थरथरतात, खालच्या मजल्यावरचे काका काठीने छत ठोकतात. तुम्ही घाईघाईने आवाज कमी करता. पुन्हा कुजबुज. पुन्हा रिमोट.

ओळखीचं वाटतंय? मग तुम्ही आमच्याच पंगतीतले!

आमच्याकडे हा रिमोटचा खेळ जवळजवळ आठ महिने चालला. आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. डायलॉग गेला तर सबटायटल्स आहेत की! नवऱ्याचं म्हणणं, ‘बेस बघ ना काय सॉलिड आहे.’ बेस सॉलिड होताच. पण त्या आठ महिन्यांत आमच्या हॉलमधून एक माणूस हळूहळू गायब होत गेला, आणि ते आमच्या लक्षातच आलं नाही.

ते म्हणजे माझे बाबा.

नऊ वाजले की पेपर

आई गेल्यानंतर बाबा मिरजेहून आमच्याकडे पुण्याला आले. मुळात यायलाच तयार नव्हते. ‘लेकीच्या घरी किती दिवस राहायचं?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. शेवटी गुडघ्याचं निमित्त झालं आणि आले. माणूस सिनेमाचा पक्का शौकीन. तरुणपणी एकच पिक्चर चार-चार वेळा बघितलेला आणि चारही वेळा कुणाबरोबर बघितला तेसुद्धा लक्षात. म्हटलं, आपला नवा सेटअप बघून खूश होतील.

पहिले काही दिवस बसले. मग सिनेमा सुरू झाला की पंधरा-वीस मिनिटांत उठायला लागले. ‘तुम्ही बघा, मला झोप येतेय.’ नऊ वाजले की पेपर काखेत आणि स्वारी आतल्या खोलीत. दार लोटलेलं, दिवा मात्र साडेअकरापर्यंत चालू.

आम्ही आपापले अर्थ लावले. मला वाटलं, आईची आठवण येत असेल. नवऱ्याला वाटलं, आपल्यामुळे संकोच होत असेल. दोघंही हळवे झालो, दोघंही गप्प बसलो. एकदा मी मुद्दाम विचारलं, ‘बाबा, पिक्चर आवडत नाहीत का हे?’ तर म्हणाले, ‘अगं आवडतील गं, पण बोलतात काय ते कळायला नको का? नुसता गोंगाट.’

मी ते हसण्यावारी नेलं. वयाचा परिणाम, दुसरं काय! इतकं सोपं उत्तर हाताशी असताना कोण खोलात शिरतं?

काकांचा एकच प्रश्न

सत्य कळलं ते बुधवार पेठेत. पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची जी दुकानं आहेत ना, तिथल्या एका चिंचोळ्या दुकानात आमच्या अ‍ॅम्पचं बिघडलेलं बटण दुरुस्त करायला गेलो होतो. सोल्डरिंगच्या धुरात बसलेले काका. त्यांनी सहज विचारलं, ‘साहेब, सेटअप काय आहे?’ नवऱ्याची कळी खुलली. दोन टॉवर स्पीकर, बारा इंची सबवूफर, मागे दोन सराउंड...

‘आणि सेंटर?’

‘सेंटर नाही घेतलाय अजून. दुकानदार म्हणाला, नंतर घ्या, दोन टॉवर आहेत ते भागवतात.’

काकांनी सोल्डरिंग गन खाली ठेवली. ‘म्हणजे गणपती आणलात, मखर केलंत, लायटिंग केलंत, आणि आरती म्हणणाराच नाही?’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ताई, घरी कुणी म्हातारं माणूस आहे का? ते काय म्हणतात?’

माझ्या पोटात धस्स झालं.

थिएटरात पडद्यामागे कोण असतं?

आता थोडा फंडा क्लिअर करू. होम थिएटरच्या खोक्यावर ५.१ असं लिहिलेलं असतं. त्यातले पाच म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन, शिवाय बाजूला किंवा मागे दोन सराउंड. पॉइंट वन म्हणजे फक्त खालच्या, धडधड करणाऱ्या आवाजासाठीचा सबवूफर. या सहा जणांत कामाची वाटणी सारखी नसते. बहुतेक सिनेमांमध्ये संवाद जवळजवळ सगळेच्या सगळे मधल्या स्पीकरला दिलेले असतात. शिवाय पडद्याच्या मध्यभागी जे काही घडतं, म्हणजे पावलं, दार, ग्लास ठेवल्याचा आवाज, त्यातलाही मोठा भाग तिथूनच येतो. डावा-उजवा मुख्यतः संगीत आणि पसारा सांभाळतात. सराउंड वातावरण उभं करतात.

ही मधल्याची आयडिया होम थिएटर विकणाऱ्यांनी काढलेली नाही बरं का. ती थेट १९३३ मधली आहे! २७ एप्रिल १९३३ ला अमेरिकेत बेल लॅबच्या मंडळींनी एक प्रयोग केला. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा वाजत होता फिलाडेल्फियात, आणि श्रोते बसले होते वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये. टेलिफोनच्या तारांवरून आवाज पाठवला. तिकडे तीन मायक्रोफोन, इकडे तीन स्पीकर: डावा, मधला, उजवा. गंमत म्हणजे ऑर्केस्ट्राचे नेहमीचे कंडक्टर लिओपोल्ड स्टोकोव्हस्की त्या दिवशी वाद्यवृंदासमोर नव्हतेच. ते वॉशिंग्टनमध्ये कंट्रोल्सवर बसून आवाज जुळवत होते!

याच स्टोकोव्हस्कींच्या संगीतावर १९४० मध्ये डिस्नेचा ‘फॅन्टेशिया’ आला, तोही अनेक चॅनलच्या आवाजासह. मग १९५३ मध्ये ‘द रोब’ या सिनेमाबरोबर सिनेमास्कोपचा रुंद पडदा आला. पडदा रुंद झाला तशी आवाजाचीही सोय करावी लागली. पडद्यामागे तीन चॅनल आणि प्रेक्षागृहासाठी एक. डावा, मधला, उजवा ही रचना थिएटरांमध्ये तेव्हापासून रुजली ती आजतागायत.

कारण अगदी साधं. थिएटरात बरोब्बर मधल्या खुर्चीवर बसणारे किती? मूठभर. बाकी सगळे कडेला. त्या कडेच्या माणसालाही हिरोचा आवाज हिरोच्या तोंडातूनच यायला हवा. म्हणून पडद्याला बारीक भोकं पाडलेली असतात आणि त्यामागे मधोमध स्पीकर असतो. आपण टीव्हीला भोकं पाडू शकत नाही, म्हणून बिचारा सेंटर टीव्हीच्या खाली किंवा वर जाऊन बसतो. एवढाच काय तो फरक.

आणि आपल्या लोकांना संवादाचं महत्त्व कुणी सांगायची गरज आहे का? ‘शोले’ १९७५ मध्ये ७० एमएम आणि स्टीरिओफोनिक साउंडसह आला, मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. त्या सिनेमाच्या गाण्यांबरोबर चक्क संवादांच्या रेकॉर्ड्स विकल्या गेल्या. लोक घरी बसून डायलॉग ऐकत होते! त्याच लॅमिंग्टन रोडवर पुढे कित्येकांनी आपला पहिला होम थिएटर सेट घासाघीस करून घेतला, आणि त्याच डायलॉगचा स्पीकर टीव्ही युनिटच्या कपाटात कोंबला.

घरात हा मधला आला तो १९८७ च्या सुमारास. डॉल्बी प्रो लॉजिक या तंत्राने दोन चॅनलमध्ये गुंडाळलेल्या आवाजातून संवाद वेगळा काढून मधल्या स्पीकरकडे वळवायची सोय केली. १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’ डॉल्बी डिजिटलमध्ये आला, १९९३ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’ डीटीएसमध्ये, आणि डीव्हीडीबरोबर ५.१ आपल्या हॉलमध्ये शिरलं. आज ओटीटीवरचे कितीतरी सिनेमे-मालिका ५.१ किंवा अ‍ॅटमॉसमध्ये असतात. छतावरून पाऊस पडतो, मागून हेलिकॉप्टर येतं. पण बोलणारा अजूनही तोच, मधला.

दोघांत तिसरा कशाला?

‘पण सेंटर नसताना डायलॉग ऐकू येतोच की!’ हा आमच्या नवऱ्याचा युक्तिवाद. बरोबर आहे. रिसिव्हरला ‘सेंटर नाही’ असं सांगितलं, की तो मधला आवाज डाव्या-उजव्यात सारखा वाटून देतो. तुम्ही बरोब्बर दोघांच्या मधे बसलात तर कानाला भास होतो, आवाज मधूनच येतोय. याला म्हणतात फँटम सेंटर. भुताटकीचा मधला!

प्रॉब्लेम असा, की हे भूत एकाच खुर्चीला प्रसन्न असतं.

आमच्या हॉलचंच घ्या. सोफ्याच्या मधोमध नवरा. त्याच्यासाठी सगळं परफेक्ट. बाबांची खुर्ची डावीकडे, खिडकीपाशी, कारण गुडघा लांब करायला तिथेच जागा. काकांच्या सांगण्यावरून आम्ही टेप लावून मोजलं. बाबांपासून डावा टॉवर दीड मीटर, उजवा तीन मीटर साठ सेंटिमीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. म्हणजे उजव्याचा आवाज बाबांपर्यंत डाव्याच्या सहा मिलिसेकंद उशिरा पोचणार. सहा हजारांश सेकंद! त्याने काय होतंय, असं वाटेल. पण आपला कान असा आहे, की सारखाच आवाज दोन ठिकाणहून आला तर जो आधी पोचला तिथेच सगळा आवाज आहे असं तो समजतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये यावर प्रबंध लिहिला, म्हणून याला हास इफेक्ट असंही म्हणतात.

थोडक्यात काय, तर हिरॉइन पडद्यावर मधे रडतेय आणि बाबांना ती डाव्या टॉवरमध्ये रडताना ऐकू येतेय. त्याच टॉवरमध्ये व्हायोलिन, पाऊस आणि ट्रॅफिकसुद्धा. त्यात तो टॉवर तोंड करून सोफ्याकडे. बाबा त्याच्या कुशीला. स्पीकरचे तीक्ष्ण, वरच्या पट्टीतले आवाज समोरच्या दिशेने जास्त जातात, बाजूला कमी. म्हणजे बाबांच्या वाट्याला उरला तो नुसता घुमारा.

‘नुसता गोंगाट’ असं ते म्हणत होते ना? अगदी तंतोतंत बरोबर बोलत होते.

साप, ताप आणि काप

मधे बसणाऱ्यालाही फुकटात काही मिळत नाही. फँटम सेंटरमध्ये प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकर ऐकू येतात, जवळचा आधी, लांबचा साधारण पाव मिलिसेकंद उशिरा. या फरकामुळे २,००० हर्ट्झच्या आसपास दोन आवाज एकमेकांना खातात आणि तिथे खड्डा पडतो. आणि नेमका तोच भाग बोलणं समजायला फार कामाचा!

कसा ते बघा. साप, ताप, काप. तिन्ही शब्द मोठ्याने म्हणा. पहिलं अक्षर सोडलं तर तिन्ही सारखेच. ‘आ’ हा स्वर दणदणीत, त्याची ताकद मुख्यतः खालच्या पट्टीत. पण शब्द कोणता हे ठरवतात ते स, त, क. ही व्यंजनं नाजूक, क्षणभराची, आणि त्यांची ओळख पटवणारा आवाज बराचसा २,००० हर्ट्झच्या वरचा. तो भाग पुसट झाला की आवाज ऐकू येतो, शब्द मात्र कळत नाही. मग आपण काय करतो? व्हॉल्यूम वाढवतो. त्याने ‘आ’ आणखी मोठा होतो. ‘स’ तिथेच!

वय वाढतं तशी ऐकण्याची क्षमता आधी कमी होते ती याच वरच्या पट्टीत. म्हणजे तिशीतल्या माणसाला जो संवाद जेमतेम कळतो, तो सत्तरीतल्या माणसाला कळतच नाही. आमचा कान अंदाजाने गाळलेल्या जागा भरत होता. बाबांकडे भरायला काही उरलंच नव्हतं. आणि चारचौघांत दर दोन मिनिटांनी ‘काय म्हणाला?’ विचारायचं, तेही जावयासमोर? त्यापेक्षा झोप आलेली बरी.

आणला, आणि कपाटात कोंबला

मग काय, पुढच्याच रविवारी सेंटर स्पीकर आणला. टॉवर ज्या कंपनीचे, ज्या सीरिजचे, त्याच सीरिजचा. हा काकांचा हट्ट होता. कारण गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मधेच तिचा आवाज बदलला तर सगळी मजा जाते. तीन स्पीकर एका घराण्यातले हवेत, अगदी गवयांसारखे.

आणून ठेवला कुठे? टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात. वायफायचा राउटर, सेट-टॉप बॉक्सची पिशवी आणि दिवाळीच्या पणत्यांच्या मागे. समोर काचेचं दार. लावला सिनेमा... आणि आधीपेक्षा वाईट! जणू हिरो हंड्यात तोंड घालून बोलतोय. बाबा दहा मिनिटं बसले, कौतुकाने म्हणाले, ‘छान आहे हं,’ आणि पेपर घेऊन उठले.

मी काकांना फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न, ‘ताई, कपाटात तर नाही ना ठेवलात?’ या माणसाला सगळं आधीच माहीत असतं!

त्यांनी फोनवर जे सांगितलं ते आम्ही मुकाट्याने केलं. काचेचं दार काढलं. पणत्या हलवल्या. स्पीकर कप्प्यातून ओढून त्याचं तोंड फळीच्या कडेपर्यंत आणलं, म्हणजे आवाज फळीवर आपटून येणार नाही. पुढच्या बाजूला खाली रबराचे दोन तुकडे ठेवून त्याचं तोंड वर, बसलेल्या माणसाच्या कानाकडे वळवलं. रिसिव्हरच्या मेनूत सेंटर आहे, तो छोटा आहे आणि ८० हर्ट्झच्या खालचं काम सबवूफरने करायचं, हे सांगितलं. सोफ्यापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजून भरलं. टेस्ट टोन लावून तिघांचा आवाज सारखा केला आणि मग सेंटर दोन डेसिबलने वर घेतला.

एकूण खर्च शून्य रुपये. एकूण वेळ पस्तीस मिनिटं. त्यात दहा मिनिटं पणत्या कुठे ठेवायच्या यावर वाद.

मजा बघायचीय? हे करून बघा

काकांनी एक प्रयोग सांगितला होता. तुमच्याकडे सेंटर असेल तर आज रात्रीच करा. एखादा ५.१ मधला संवादप्रधान सीन लावा. रिसिव्हर बंद करून सेंटर सोडून बाकी सगळ्या स्पीकरच्या वायर काढा. पुन्हा सुरू करा. गोष्ट कळते, पूर्ण कळते. फक्त थोडी सुकी वाटते. आता उलटं करा. सेंटर काढा, बाकी सगळे लावा. व्हायोलिन्स आहेत, पाऊस आहे, गर्दी आहे, आणि माणसं नुसती ओठ हलवतायत! पन्नास हजारांचा मूकपट.

हे करताना एक गोष्ट लक्षात येईल. सेंटर न लावता रिसिव्हरला ‘सेंटर आहे’ असं सांगून ठेवलं असेल, तर कायम हेच होणार. संवाद जिथे पाठवला तिथे कुणीच नाही! ‘डायलॉग एकदमच बारीक येतो’ अशी तक्रार असेल तर आधी हा मेनू तपासा.

दुकानात जाताना

पहिली गोष्ट, वॉटच्या आकड्यांना भुलू नका. २००० च्या दशकात खोक्यांवर पीएमपीओचे हजारांतले आकडे छापायची फॅशन होती. त्याचा खऱ्या ताकदीशी फार संबंध नसायचा. विचारायचं ते आरएमएस.

दुसरी, आडव्या सेंटरची रचना बघा. बऱ्याच सेंटरमध्ये मधे छोटा ट्विटर आणि दोन्ही बाजूंना एकेक मोठा ड्रायव्हर असतो. दिसायला झक्कास. पण कडेला बसलेल्या माणसापर्यंत त्या दोन ड्रायव्हर्सचे आवाज थोडे मागेपुढे पोचतात आणि काही भागात एकमेकांना खातात. म्हणजे ज्याच्यासाठी सेंटर आणला त्यालाच पुन्हा कमी! परवडत असेल तर तीन प्रकारचे ड्रायव्हर्स असलेला सेंटर बघा, ज्यात ट्विटर आणि मिडरेंज मधोमध एकावर एक असतात. आणि दुकानात ऐकताना मधल्या खुर्चीवर बसू नका. कडेला जाऊन बसा. तिथेच खरं काय ते कळतं.

तिसरी, बजेट कमी असेल तर सात-आठ स्पीकरच्या मोहात पडू नका. समोरचे तीन चांगले घ्या. सराउंड दिवाळीला येतील.

चौथी, भाड्याचा फ्लॅट आहे, वायरी नको वाटतात, म्हणून साउंडबार घेताय? काहीच हरकत नाही. पण आकडा वाचा. २.१ मध्ये सेंटर नसतो. ३.१ किंवा ५.१ असेल तर पहिल्या आकड्यात मधला धरलेला असतो. आजचे टीव्ही इतके बारीक झालेत, की त्यांच्या स्पीकरची तोंडं बहुतेक खाली किंवा मागे असतात. हिरो भिंतीशी बोलतो आणि आपण कान देतो! त्यापेक्षा ३.१ चा साधा बारसुद्धा फरक पाडतो.

*

चौकट: रविवारच्या अर्ध्या तासात

• सेंटर टीव्हीच्या बरोब्बर मधोमध. खाली असेल तर तोंड किंचित वर, वर असेल तर किंचित खाली. नेम कानाकडे.

• बंद कप्पा नको. तोंड फळीच्या कडेला. वर फोटो फ्रेम, फुलदाणी, क्रोशाचा रुमाल काहीही नको. (आईला समजावणं तुमच्याकडे!)

• लाल वायर लालला, काळी काळ्याला. एका जरी स्पीकरची उलटी लागली तरी आवाज विस्कटतो.

• अंतर आणि लेव्हल रिसिव्हरमध्ये भरा. रिसिव्हरबरोबर मायक्रोफोन आला असेल तर ऑटो सेटअप करा, पण मायक्रोफोन कानाच्या उंचीवर ठेवून.

• ओटीटी अ‍ॅपमध्ये ऑडिओ ५.१ निवडलाय का, आणि टीव्हीच्या सेटिंगमधून तो तसाच बाहेर जातोय का, हे बघा. टीव्ही स्टीरिओच पाठवत असेल तर सेंटरला खरा ५.१ मिळतच नाही.

• रात्री उशिरा बघताना नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज कमी करायचं सेटिंग लावा. कुजबुज आणि स्फोट यांतलं अंतर कमी होतं. खालचे काका खूश.

• तरीही संवाद दबतोय? मास्टर व्हॉल्यूम नको, फक्त सेंटर दोन-तीन डेसिबल वाढवा.

*

सगळंच स्पीकरच्या हातात नसतं

आता एक प्रामाणिक कबुली. सेंटर म्हणजे जादूची कांडी नाही. काही सिनेमांचं मिक्सिंगच असं असतं की संवाद संगीताखाली दबतात. क्रिस्टोफर नोलनचा ‘इंटरस्टेलर’ २०१४ मध्ये आला तेव्हा डायलॉग कळत नाहीत म्हणून भल्याभल्या थिएटरांतले प्रेक्षक कुरकुरले होते, आणि दिग्दर्शकाचं म्हणणं होतं की ते मुद्दामच तसं आहे. तिथे तुमचा-माझा सेंटर काय करणार?

शिवाय पूर्वी आपल्याकडे बहुतेक सिनेमे नंतर स्टुडिओत डब व्हायचे. प्रत्येक शब्द मायक्रोफोनसमोर उभं राहून घोटून म्हटलेला. २००१ च्या ‘लगान’ने सेटवरच आवाज टिपायचा, म्हणजे सिंक साउंडचा, आग्रह धरला, आणि पुढे ते रूढ होत गेलं. अभिनय जास्त खरा झाला. पण खरी माणसं पुटपुटतात, मान वळवून बोलतात, वाक्य गिळतात. हे सगळं घरापर्यंत नीट पोचायचं तर शेवटचा स्पीकरही तितकाच प्रामाणिक हवा. आपल्या पुण्याच्या एफटीआयआयमधून शिकून गेलेल्या रसूल पुकुट्टींना २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या साउंड मिक्सिंगसाठी दोन सहकाऱ्यांबरोबर ऑस्कर मिळालं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. पण अशी माणसं महिनोन् महिने खपून जे मिक्स करतात ते आपण पणत्यांच्या मागे ठेवून ऐकतो. यार, थोडी तरी लाज!

आणि तिसरी गोष्ट म्हणजे कान. सेंटर नीट लागल्यावर बाबांना खूप फरक पडला, पण सगळा नाही. बाईचा हळू आवाज, लहान मुलांचं बोलणं अजून निसटायचं. आधी ‘कानाची तपासणी’ म्हटलं तरी ते विषय बदलायचे. ‘मशीन लावायला मी काय म्हातारा झालोय?’ पण आता एक गोष्ट वेगळी होती. त्यांना कळलं होतं, की इतके महिने चूक फक्त त्यांच्या कानाची नव्हती. बराचसा दोष आमच्या हॉलचा होता. तो आम्ही कबूल केला, तेव्हा उरलेला त्यांनी कबूल केला. ऑडिओमेट्री झाली. वरच्या पट्टीतली श्रवणशक्ती कमी झालीय, असं ग्राफवर स्वच्छ दिसलं. आता छोटंसं मशीन आहे. ते लावायचं की नाही हे ते दिवसागणिक ठरवतात, आणि आम्ही त्यात तोंड घालत नाही.

नऊ वाजले

त्या रविवारी, पस्तीस मिनिटांच्या खटाटोपानंतर, आम्ही एक हलकाफुलका सिनेमा लावला. नवरा मधे, मी जमिनीवर, बाबा खिडकीपाशी पाय लांब करून. पेपर मांडीवर, तयारीत.

नऊ वाजून गेले. साडेनऊ झाले. एका सीनमध्ये कुणीतरी खालच्या आवाजात एक तिरकस वाक्य टाकलं. मी मोबाइल बघत होते, नवरा पाणी पीत होता. आमच्या दोघांच्याही डोक्यावरून गेलं.

आणि डावीकडून खळखळून हसू आलं.

आम्ही दोघंही वळून बघायला लागलो. बाबा चष्मा काढून डोळे पुसत होते. ‘काय झालं, बाबा? काय म्हणाला तो?’ मी विचारलं.

‘तुम्हाला नाही ऐकू आलं?’ बाबा नवऱ्याकडे बघत अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘जावईबापू, कान तपासून घ्या एकदा.’

तर मंडळी, या वीकएण्डला नवा सिनेमा नंतर शोधा. आधी टीव्हीखालच्या कप्प्याचं दार उघडा. आणि हो, कडेच्या खुर्चीवर एकदा स्वतः बसून बघा. तिथून तुमचं घर कसं ऐकू येतं, ते कळेल.